बाळाचा मुक्काम

सराफ पेठेतल्या शेट्यांच्या घरी, बाळाच्या आजोळी, बारसं अगदी रंगात आलं होतं. बाळाच्या आत्यानं पाळण्यात वाकून कानात नाव सांगितलं, जमलेल्या बायकांनी तिच्या पाठीवर हौसेनं गुद्दे घातले, आणि 'गोदावरी' हे नाव ऐकून कोपऱ्यातल्या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांच्या काळी जुनाट म्हणून टाकून दिलेली नावं आता शोधून शोधून ठेवली जात होती. घुगऱ्या वाटायला सुरुवात झाली, तेवढ्यात बाळाच्या आईचा, मृदुलाचा, फोन वाजला आणि तिनं आलेला निरोप मोठ्यानं वाचला.

"अभिनंदन! आपल्या कन्येसाठी सराफ पेठ नमुना शाळेत इयत्ता पहिलीची जागा राखून ठेवण्यात आली आहे. लोकभाकीत, वारणापूर महानगरपालिका."

मृदुलाच्या आईला कोण आनंद झाला. "बघा हो बायांनो, पोरगी अजून पाळण्यात आणि शाळा दारात!"

"अगं पण आई, आम्ही कुठं इथं राहतो? आमचं घर गिरणी वसाहतीत आहे," मृदुला हसत म्हणाली. मग तिचं हसू थांबलं. महापालिकेतलं लोकभाकीत हे तिचंच खातं होतं.

वारणापुरातली मुलं वर्षागणिक कमी होत चालली होती. कुठल्या शाळेचे वर्ग भरतील आणि कुठले ओस पडतील हे आधीच कळावं, म्हणून महापालिकेनं काही वर्षांपूर्वी या खात्यात एक यंत्र आणलं. माणसांना काही विचारायची त्याला गरजच नव्हती. पाण्याचे मीटर, विजेचा वापर, दवाखान्यांतल्या जन्मनोंदी आणि रात्री कुठला फोन कुठं मुक्कामाला असतो, एवढ्यावरून कुठल्या भागात पुढं किती पोरं पाटी-दप्तर घेऊन निघतील, ते हे यंत्र सांगायचं. शहर त्याला जोशीबुवा म्हणायचं. जोशीबुवांनी गिरणी वसाहतीच्या नावासमोर जवळजवळ शून्य मांडलं, तेव्हा तिथली नऊ नंबरची शाळा बंद करण्याच्या शिफारशीवर मृदुलानंच सही केली होती. तिला तेव्हा वाईट वाटलं होतं, पण चुकल्यासारखं वाटलं नव्हतं.

वसाहतीतल्या चौघीजणी मुद्दाम बारशाला आल्या होत्या. मृदुलानं त्यांना विचारलं, "तुमची बाळंतपणं कुठं झाली गं?"

"हे काय विचारणं झालं?" एकीनं घुगऱ्यांचा बकाणा भरत म्हटलं. "माहेरी. दुसरीकडं कुठं होणार?"

सगळ्या खळखळून हसल्या. मृदुला मात्र मनातल्या मनात हिशोब मांडू लागली. सातव्या महिन्यात बाई माहेरी जाते, तिचा फोन तिच्याबरोबर जातो. जन्माची नोंद माहेरच्या दवाखान्यात होते. बाळ तीन महिन्यांचं झालं की बाई सासरी परतते आणि तिचा फोनही परततो. पण बाळाकडे फोन कुठला? जोशीबुवांच्या लेखी वसाहतीतली सगळी बाळं अजून आजीच्याच घरी होती. वसाहतीत नुसत्या सुना होत्या आणि सराफ पेठेत पाळणेच पाळणे. प्रत्यक्षात पेठेतले मुलगे परदेशी गेलेले, मुली बाळंतपणापुरत्या यायच्या आणि जायच्या. नमुना शाळेच्या तीन मजल्यांत जेमतेम दोन वर्ग भरत होते. यंत्राला नियम शिकवायला बसलेली सगळी माणसं इथलीच, मराठीच होती. त्यांतल्या बहुतेकांच्या बायका माहेरी जाऊन आल्या होत्या. पण जी गोष्ट सगळ्यांनाच ठाऊक, ती सांगायची असते हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तिच्याही नाही.

"सव्वा महिना व्हायच्या आत उंबरा ओलांडू नकोस," असं आई ओरडत राहिली. मृदुला दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाला दुपट्यात गुंडाळून ऑफिसात हजर झाली.

उपायुक्त कामतसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी त्यांनी कपाळावर हात मारला. "माझ्या दोन्ही नाती पेठेत जन्मल्या, मॅडम. दोघी हैदराबादला आहेत. आणि मी शाळा बांधत बसलो!" त्यांनी लगेच यंत्राला नवा नियम सांगायला लावला. आजोळी नोंदलेलं मूल आईबरोबर परत गेलं असं धर.

पडद्यावरचे आकडे हलले आणि पुन्हा स्थिरावले. गिरणी वसाहत, येत्या जूनमधले पहिलीचे प्रवेश: दोन.

"अजून दोनच कसे?" मृदुला म्हणाली. "तिथं पोरं आहेत, साहेब. माहेरी येईपर्यंत मी रोज बघत होते."

"होती," कामत म्हणाले. त्यांनी वसाहतीतल्या फोनचे मागच्या जूनपासूनचे मुक्काम उघडून दाखवले. शाळा बंद झाली, मुलं लांबच्या शाळेत बसनं जाऊ लागली, आणि पोराबाळांची घरं एकामागून एक वसाहत सोडून निघाली. उरलेल्यांतही बहुतेक जण घर शोधत होते, आणि त्यांच्या फोनच्या फिरण्यावरून यंत्राला तेही दिसत होतं. "भाकीत चुकलं होतं हे खरं. पण आपण त्यावर विसंबून शाळा बंद केली आणि ते खरं झालं. आता ते बरोबरच आहे."

मृदुलाला रडू आलं. बाळंतिणीचं मन हळवं असतं असं समजून साहेबांनी पाणी मागवलं, पण ती रडत होती ती स्वतःवरच्या रागानं. "काहीच करता येणार नाही का?"

"एक करता येईल. पंचवीस घरांनी पुढची सहा वर्षं इथंच राहू असं नोंदवून दिलं, तर यंत्राला ते धरावं लागेल. मग मी शाळा उघडतो. माझा शब्द. पण नोंद पक्की हवी. अर्ज तुमच्या फोनवर पाठवतो. त्यावर अंगठा टेकवला की त्या मुलाची दुसरीकडची जागा गेली."

ती तशीच वसाहतीत गेली. शेजारच्या परवीन मुजावरची झोया येत्या जूनमध्ये पहिलीत जाणार होती. परवीनचा शब्द वसाहतीत चालायचा. ती हो म्हणाली तर निम्मी घरं मागोमाग येतील, हे मृदुलाला पक्कं माहीत होतं. पण परवीनच्या दारात टेम्पो उभा होता, आणि कपाट चढवून झालं होतं.

"अगं बाई, ओली बाळंतीण तू, उन्हात कशाला आलीस?" परवीननं आधी बाळाला घेतलं, सावलीत नेलं, मग ऐकलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा कडू झाला. "म्हंजे आमची पोरं तुमच्या मशीनला दिसलीच न्हाईत? नळाला पाणी भरतो, लाईटबिल भरतो, रोज सकाळी पोरांची बोंबाबोंब असती. आणि दिसली न्हाईत?"

"नाही दिसली. चूक आमची आहे, परवीन. माझी आहे. पण शाळा उघडू शकते. तू नाव दे, बाकीच्या येतील."

"मला काय हौस हाय व्हय जायची? माझी सासू या आळीत नांदली, मी नांदले." तिनं डोळे पुसले. "पण मी नाव दिलं आणि बाकीच्यांनी न्हाई दिलं तर? इकडं शाळा न्हाई आणि तिकडची जागा बी गेली. माझ्या झोयानं कुठं जायचं?"

"म्हणून तर सगळ्यांनी द्यायला हवं."

"सगळ्यांनी," परवीन म्हणाली. मग जरा थांबून तिनं विचारलं, "वैनी, तुला खरंच ठाऊक न्हाई? आमच्या ह्यांना नवी जागा रणजितभाऊंनीच दावली. तुमची बी त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. बाळाच्या शाळेसाठी म्हणाले. तुला बारशानंतर सांगणार होते."

मृदुला दारातल्या पायरीवर बसली. नवऱ्याचा, रणजितचा, राग यावा, तर तोही येईना. त्याच्या जागी ती असती तर तिनं वेगळं काय केलं असतं?

परवीननं बाळ तिच्या मांडीवर ठेवलं आणि तिच्याच पिशवीतला फोन काढून तिच्यापुढं धरला. पडद्यावर साहेबांनी पाठवलेल्या अर्जातली अंगठ्याची जागा लुकलुकत होती. "तू आधी टेकव. तुझ्या गोदूची इथली नोंद कर. मग मी कपाट खाली उतरवते आणि दारोदार मीच फिरते. आईशप्पत."

मृदुलानं अंगठा उचलला. आळीतला रस्ता रिकामा होता. समोरच्या तीन घरांना कुलपं होती. बाकीच्या दारांत बायका उभ्या होत्या आणि तिच्याकडेच बघत होत्या. बाळानं झोपेत ओठ हलवले.

टेम्पोवाल्यानं एकदा हॉर्न वाजवला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"काय ठरलं, वैनी? थांबू का निघू?"