हललेले फोटो

"दार! अगं, दार लाव आधी!"

अंधारातून कुणीतरी ओरडलं आणि ती इतकी दचकली, की बाहेर जाऊन दार लावायच्या ऐवजी आत शिरली आणि मग लावलं. समोर मिणमिणता लाल दिवा, ओळीने मांडलेले ट्रे आणि त्यांच्यावर वाकलेला एक उंच, किडकिडीत मुलगा. त्याने चिमट्याने कागद उचलला. काळाठिक्कर पडला होता.

"गेला," तो म्हणाला. "बाहेरचा दिवा पेटलेला दिसला नाही?"

"तो तर बघावं तेव्हा पेटलेलाच असतो..."

"म्हणजे मी आत असतो!"

तिला हसू आलं. हसायची वेळ नव्हती, पण आलं. तोही हसला असावा – त्या उजेडात त्याचे दात तेवढे चमकले.

शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत एक जादा विषय घ्यावा लागे. तिने छायाचित्रण घेतलं, कारण त्या तासाला फारसं बोलावं लागत नाही असं तिच्या कानावर आलं होतं. घरी आई आजारी होती. कुणाशी बोलायला जावं, की गाडी आईच्या आजारावरच येऊन अडायची. "होईल गं बरी," म्हणत लोक पाठ थोपटायचे आणि तिला तिथून पळून जावंसं वाटायचं.

तो मात्र पाठबीठ थोपटत नसे. सदान्‌कदा डार्करूममध्ये असायचा म्हणून वर्ग त्याला 'घुबड' म्हणे, आणि त्याला त्याचा अभिमानच होता.

परीक्षेसाठी प्रत्येकाला एकाच विषयावरची चित्रमालिका करायची होती. तिने विषय घेतला 'आई'. पण फोटो निघाले ते औषधाच्या बाटल्यांचे, पलंगाखालच्या चपलांचे, खिडकीचे.

"तुझ्या फोटोंत माणसं का नसतात?" एकदा त्याने विचारलं.

"माणसं हलतात."

"मग माझा काढ. घुबडं हलत नाहीत."

"तुझा काढला तर कॅमेरा बिघडेल."

"बिघडू दे की... दुरुस्तीच्या निमित्ताने तुझ्या घरी येता येईल."

तिचे कान तापले. लाल दिव्यात लाजलेलं कळत नाही, हे किती बरं!

कॅमेरा काही बिघडला नाही, पण तो घरी आलाच. शाळेचा ट्रायपॉड खांद्यावर टाकून. आई खिडकीशी उशांना टेकून बसली होती. डोक्याला रुमाल, अंगाची नुसती हाडं. डोळे मात्र जुनेच, खोडकर.

"हेच का ते घुबड?"

"काकू, हिने घरीसुद्धा सांगितलं?"

"रोज सांगते. आज तू काय बोललास, उद्या काय बोलशील –"

"आई!"

आई हसली, खोकली, पुन्हा हसली. मग लेकीकडे बघत म्हणाली, "चपला पुरे झाल्या, बाळा. मी आहे तोवर माझा चेहरा काढ."

त्याने ट्रायपॉड उघडला. "लाव हा. उजेड कमी आहे, हातात धरलास तर हलेल."

तिने तो बाजूला सारला. तिला आईच्या जवळ जायचं होतं, अगदी जवळ. तो आईला सरांच्या नकला करून दाखवत राहिला, आई हसत राहिली, आणि कॅमेऱ्यामागे तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्याने ते पाहिलं. नकला थांबवल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात, ती गणिताच्या तासाला असताना, आई गेली.

त्यानंतर ती शाळेत गेलीच नाही. रोल कॅमेऱ्यात तसाच पडून होता. एका दुपारी तो आला आणि जिन्यात तिच्याशेजारी बसला.

"धुवायचा नाही?"

"धुतला की संपलं. मग तिचं नवीन असं काही बघायचं राहणारच नाही... आत्ता निदान आहे."

तो म्हणाला, "नको मग. आपण दोघं नापास होऊ."

"तू कशाला?"

"एकटीला कंटाळा येईल."

आई गेल्यापासून तिच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. त्या वाक्यावर ती ओक्साबोक्शी रडली. रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि म्हणाली, "चल."

डार्करूममध्ये, ट्रेमधल्या रसायनातून एकेक चित्र वर आलं. रुमाल, उशी, खिडकी... सगळं पुसट, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता फरकाटा. सगळ्याच फोटोंत तेच. "हललेत?" तिने विचारलं.

त्याने भिंगातून एकेक फोटो नीट पाहिला. ती वाट बघत होती, आता हाही म्हणेल – छान आहेत, काही बिघडलं नाही.

"हो," तो हळूच म्हणाला. "सगळे हललेत. चेहरा नाही आलेला."

वर्षभरात तिच्याशी खरं बोललेला तो पहिलाच माणूस होता. तिचं मन त्याच्यावर जडलं ते तिथे, इतक्या वाईट बातमीवर.

सरांनी समजावलं, "मुद्दाम हलवलेत म्हणून सांग. शैली वाटेल." पण बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मुद्दाम नाही. मी रडत होते, हात थरथरला. पुन्हा काढायला ती राहिली नाही."

बाई तिचे फोटो लावलेल्या भिंतीसमोर कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. मग 'तंत्र कच्चे' असा शेरा मारून तिला जेमतेम पास केलं.

शाळेमागच्या पायऱ्यांवर तो तिची वाट बघत बसला होता. बारीक पाऊस पडत होता आणि त्याला छत्रीचं भान नव्हतं.

"मला प्रवेश मिळालाय," तो म्हणाला. "लांबच्या गावात. पुढच्या महिन्यात निघायचंय."

"बरं झालं," ती म्हणाली. आवाजाने मात्र दगा दिला.

"काही बरं नाही झालं. तुझ्या घरी आलो ना, तो ट्रायपॉडसाठी नव्हतो आलो. त्याच्या आधीपासून... तू मला आवडतेस. ही वेळ नाही, कळतंय मला. पण मी नंतर इथे नसेन, म्हणून –"

तिने हात वर करून त्याला थांबवलं. आत इतकं दुखत होतं, की त्यात सुखाला पाय ठेवायला जागा नव्हती. तरी ते दाराशी येऊन उभं होतं, भिजत.

"आत्ता काही बोलू नकोस," ती म्हणाली.

त्याने मान डोलावली आणि तो उठायला लागला. तिने त्याची ओली बाही घट्ट धरली.

"...आणि जाऊही नकोस."

तो पुन्हा खाली बसला.