नऊ हजार ओळींतली एक

थायलंडातल्या महाचायच्या कोळंबी कारखान्यात मुकादम उथाईच्या मानेत बर्फाच्या लाद्या ओढायचा लोखंडी आकडा आरपार घुसवला होता. शीतगृहाच्या फरशीवर रक्त असं गोठलं होतं, की प्रेत सोडवायला पहार लागली. पोलिसांनी ज्यो मिन नावाचा बर्मी हमाल पकडला, त्याचे दोन दात पाडले आणि तपास संपवला.

त्याची बायको खिन सान, त्याच कारखान्यातली कामगार, आता गुप्तहेर कान्लयासमोर बसली होती. तिच्या डाव्या हाताला दोन बोटं कमी होती.

"ताई, दुपारी एकला शीतगृहाचं दार त्याच्या कार्डानं उघडलं म्हणतात. एकला तो माझ्यासमोर खोलीवर जेवत होता. पण बायकोचं कोण ऐकतंय? फाशी देतील हो त्याला!"

"बोटं कशी गेली?"

खिन साननं हात मागे घेतला. "गेली," एवढंच ती म्हणाली.

कान्लयाचा जोडीदार सनान हा निवृत्त हवालदार. मनगट लोखंडी, डोकं सावकाश. दोघं कारखान्यात पोचली तेव्हा मॅनेजर फैरोतनं स्वतः त्यांचे पास लिहिले: १४ मार्च २५६२, खाली झोकदार सही.

"ही बर्मी माणसं अशीच," तो म्हणाला. "आत बावीस असतं, तरी यांची डोकी तापलेली. उथाई मला भावासारखा होता हो."

इंजिनियर ओरसा मात्र तुटक बोलली. "दाराची नोंद यंत्र करतं. तारीख, वेळ, कार्ड, तापमान. आत उणे बावीस, इकडेतिकडे दोन अंश."

"नोंदीत हात कोण घालू शकतं?"

"मी आणि साहेब. मी बसवलंय ते. परदेशी यंत्र आहे ताई, आपल्या रीतीचं काही कळत नाही त्याला."

"आणि उथाई?"

ओरसानं दाराकडे पाहिलं. "दुसऱ्या दिवशी कामगार कचेरीत जाणार होता. कशाला, ते मला विचारू नका."

सनाननं नऊ हजार ओळींचा तक्ता उघडून ती ओळ शोधली. "ज्यो मिनचंच कार्ड आहे. तीनदा बघितलं. चला जेवायला."

"तू ओळ बघितलीस. मी रकाने बघते." कान्लयानं काळ्या पडद्यावर एक कमांड टाइप केली. प्रत्येक रकान्यातला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा तेवढा सांगायचा, एवढंच त्या कमांडचं काम. चार ओळी उमटल्या. कान्लयानं त्या वाचल्या आणि फौजदाराला फोन लावला.

तासाभरात सगळे शीतगृहाच्या दाराशी, नोंदीच्या पडद्यासमोर जमले. खिन सानही आली.

"तारखेचा रकाना २०१९ पासून २५६२ पर्यंत," कान्लया म्हणाली. "यंत्र येशूचं साल लिहितं. आपण त्याच वर्षाला बुद्धाचं साल लिहितो, म्हणून २५६२ कुणालाच खटकलं नाही. फौजदारसाहेब, तुमच्याही भिंतीवरच्या कॅलेंडरवर तेच आहे. नऊ हजारांत तसं साल एकाच ओळीत आहे. ती ओळ यंत्राची नाही, हातानं लिहिलेली आहे."

"मग ओरसा?" सनान पुटपुटला.

"यंत्र तिनं बसवलं, त्याचं साल तिला पाठ. शिवाय तापमान बघ. उणे चोवीसपासून बावीसपर्यंत. उणे नाही, नुसते बावीस! बावीसला कोळंबी सडते. ओरसा 'उणे' गाळत नाही. फैरोत, तुम्ही गाळता. तुमच्या कार्डाची ओळ पुसून तिथे ही लिहिलीत."

"कशासाठी मारीन मी त्याला?"

"कामगारांना शिक्षा म्हणून आत कोंडायचात. उथाई तेच सांगायला निघाला होता. खिन सान, हात दाखव. हिची बोटं त्याच थंडीत झडली."

फैरोतनं भिंतीवरचा आकडा उपसला आणि थेट खिन सानवर धावला. सनान आडवा आला; त्याचा खांदा फाटला, पण त्यानं फैरोतचं मनगट सोडलं नाही. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

फौजदारानं बेड्या घातल्या. खिन सान पडद्याजवळ गेली. नवऱ्याचं नाव असलेल्या ओळीवर तिनं उरलेली तीन बोटं टेकवली.

"ताई, पुसा ना हे."

"वेडी आहेस का?" कान्लया म्हणाली. "हीच ओळ त्याला घरी आणणार आहे."