कवटीवाले सर

साहित्याच्या खोलीचं दार ढकललं, तर आत एक उंच माणूस जमिनीवर मांडी घालून पुठ्ठ्यावर कवटी रंगवत होता.

"खालचे दात दाखवू की नको?" मान वर न करता त्यानं विचारलं.

"मी प्रोजेक्टर शोधतेय," मी म्हणाले.

त्यानं दचकून वर पाहिलं. गालावर पांढऱ्या रंगाचा फराटा होता. "अरे... मला वाटलं, चित्रकलेच्या बाई आल्या."

मी शाळेची नवी समुपदेशक, ते खेळाचे शिक्षक. व्यसनविरोधी दिन दरवर्षी त्यांच्याकडे असायचा. कवट्या, सडलेल्या फुप्फुसांचे फोटो, एक कडक भाषण आणि शेवटी शपथ. या वर्षी मुख्याध्यापक बाईंनी ते काम मला दिलं होतं आणि ही गोष्ट सरांना कुणी सांगितलीच नव्हती. सांगायची वेळ माझ्यावर आली.

"म्हणजे माझी कवटी वाया गेली?"

"मुलांना कवट्या आवडतात हो सर. शर्टावर छापून घेतात."

"मग भीती कशी घालायची?"

"घालायचीच नाही. मित्र आग्रह करायला लागला तर काय बोलायचं, राग आला की हात कसा आवरायचा, याचा सराव करून घ्यायचा. तोही वर्षभर, थोडा थोडा. नुसतं भाषण ऐकून कुणी पोहायला शिकतं का?"

त्यांनी ब्रश खाली ठेवला. "पटलं," ते म्हणाले. "खरं तर पटायला नको होतं."

मुख्याध्यापक बाईंनी काम दोघांवर सोपवलं. आम्ही आधी मुलांनाच विचारायचं ठरवलं. शाळेत भीती कुठे वाटते? आमची समजूत होती, फाटकाबाहेरच्या टपरीपाशी. मुलं म्हणाली, प्रयोगशाळेमागच्या जिन्यात. तिथे मोठी मुलं अडवतात, ढकलतात, कधी कधी काहीतरी विकतातही. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत सर जिन्यात खुर्ची टाकून बसू लागले. कुणी विचारलंच तर म्हणत, "इथे वारा छान येतो." तिथे खिडकी नव्हती. धक्काबुक्की मात्र थांबली. मीही चहाचा कप घेऊन तिथेच जाऊ लागले... वारा खायला.

मग शिक्षकांसमोर सरावाचं प्रात्यक्षिक झालं. सरांनी खडूची सिगारेट केली.

"घे ना. एकदाच."

"नको."

"घाबरलीस?"

"नाही. मला नकोय. चल, मैदानावर जाऊ."

यावर त्यांनी अजून आग्रह करायचा होता. पण माझ्याकडे बघत ते भलत्याच मऊ आवाजात म्हणाले, "चल." सगळा स्टाफ खो खो हसला. त्यांचे कान लाल झाले. माझे झाले असतील तर ते केसांखाली होते.

त्याच महिन्यात नववीतल्या एका मुलीच्या दप्तरात नशेच्या गोळ्या सापडल्या. बैठक बसली. उपमुख्याध्यापक म्हणाले, "दाखला देऊन मोकळे व्हा. एका नासक्या फळापायी..."

मी बोलले. मुलगी घाबरलेली आहे, तिला उपचार हवेत, पालकांना सोबत घेऊ. सगळे माना डोलवत होते, पण कुणाला पटलेलं दिसत नव्हतं. तेव्हा सर उठले.

"माझ्या थोरल्या भावाला नववीतच शाळेतून काढलं होतं," ते म्हणाले. "त्यानंतर सकाळी त्याची वाट बघणारं घराबाहेर कुणी उरलं नाही... जे त्याला गोळ्या द्यायचे, त्यांच्याशिवाय. आज तो चाळिशीचा आहे आणि तिसऱ्यांदा व्यसनमुक्ती केंद्रात आहे. मी दरवर्षी कवट्या का रंगवतो, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. या मुलीला काढू नका."

मुख्याध्यापक बाईंनी चष्मा पुसला आणि त्या म्हणाल्या, "मुलगी शाळेत राहील. तिच्या आईवडिलांना उद्या बोलवा."

बैठकीनंतर सर मला जिन्यातच सापडले. खुर्ची रिकामी होती, ते पायरीवर बसले होते.

"आता सगळ्या शाळेला कळलं," ते म्हणाले. "लोक बोलतील. तुमच्याही घरी कानावर जाईल..."

"माझ्या घरी मीच सांगणार आहे."

"दादाचं?"

"तुमचं."

त्यांनी मान वर केली. मग ते जरा सरकले आणि मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

"मी रविवारी त्याला भेटायला जातो," ते म्हणाले. "तू... येशील?"

"येईन."

केंद्राच्या अंगणात एक लांब बाक होता. थोरला भाऊ सरांसारखाच उंच, फक्त वाळलेला. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ह्याच का त्या समुपदेशक बाई? माझ्याशी बोलायला आणलंस ना यांना? मला आता कुणाचं ऐकायचं नाहीये."

"तुझ्यासाठी नाही रे दादा," सर म्हणाले. "माझ्यासाठी."

भाऊ आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं आणि बाकावर हात मारून तो म्हणाला, "मग उभी का ठेवलीस तिला, गाढवा?"