केरबाच्या बुलेटची किंमत

बनुबाईंचा फोन आला तेव्हा नानासो इस्लामपुरातल्या आपल्या घराच्या ओट्यावर शेंगा फोडत बसले होते.

"भावजी, गाडी इकायची हाय," बनुबाई म्हणाल्या. "पुण्याचा एकजण रविवारी बघाय येतोय. किती मागायचं ते तुमीच येऊन सांगा. तुमच्याइतकी ती गाडी दुसऱ्या कुणाला ठावं?"

ते खरंच होतं. उंब्रजच्या केरबाची ती बुलेट एके काळी अर्धी नानासोंची होती. शहाऐंशी साली दोघा दोस्तांनी मिळून ती एका म्हाताऱ्या डॉक्टरकडून घेतली होती. दोन वर्षांनी नानासोंचं लग्न ठरलं, नड आली, आणि केरबानं त्यांचा वाटा विकत घेतला. घेताना तो गाडीभोवती तीनदा फिरला आणि टाकीवर टिचक्या मारत म्हणाला, "काय राह्यलंय रं हिच्यात, नाना? इंजान थकलंय." बोलता बोलता त्यानं वाट्याची किंमत निम्म्यावर आणली. नानासोंनी ती मुकाट घेतली आणि पुन्हा केरबाच्या उंबऱ्यावर पाय ठेवला नाही. चार महिन्यांपूर्वी केरबा गेला. नानासो मातीलाही गेले नाहीत.

गुरुवारी दुपारी मात्र ते उंब्रजला एसटीतून उतरले.

केरबा पाण्याच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून द्यायचा. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये अजून जळक्या तांब्याचा आणि व्हार्निशचा वास कोंडून राहिला होता. बनुबाईंनी कोपऱ्यातल्या गाडीवरची सतरंजी ओढली आणि नानासो झटकन पुढं झाले.

सदतीस वर्षांत केरबानं त्या गाडीतलं काही म्हणता काही बदललं नव्हतं. टाकीवरच्या हातानं ओढलेल्या सोनेरी रेघा तशाच होत्या. गियर उजव्या पायाला, हेडलाइटवर दोन्ही बाजूंना छोटे दिवे, सीटखाली कंपनीचे पाने मेणकापडात गुंडाळलेले. आजकाल लोक असल्या गाड्यांना रुंद हँडल, जाड टायर, फटाके वाजवणारे सायलेन्सर लावून त्यांची रया घालवतात. ही जशी कारखान्यातून निघाली तशीच होती. नानासोंनी बॅटरीच्या उजेडात इंजिनावरचा नंबर वाचला. शेवटचे आकडे चार-सात-एक-नऊ. चेसीवरही तेच. डोळे झाकून दोन लाखांची गाडी.

"किती हुतील, भावजी?" बनुबाई दारात पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या.

नानासोंच्या तोंडाला कडू चव आली. सदतीस वर्षं मुरलेली चव होती ती. ते गाडीभोवती फिरले. एकदा, दोनदा, तीनदा.

"वैनी, वंगाळ वाटंल, पर सांगतो," ते म्हणाले. "हिचं इंजान मूळचं न्हाई. केरबानं कवातरी बदललंय."

शेडच्या आतल्या अंधारातून कुणीतरी हलकेच म्हणालं, "व्हय."

नानासोंना वाटलं, बनुबाईच. त्यांनी टाकीखाली बोट फिरवलं.

"चेसी तुटलेली हाय. वेल्डिंग मारलंय हितं."

"व्हय…"

आता त्यांनी मान वळवली. बनुबाईंचे ओठ पदराखाली होते. आवाज मात्र गाडीच्या पलीकडून आल्यासारखा वाटला होता, तिथं नुसती भिंत होती. व्हार्निशचा वास एकदम दाट झाला, जसं कुणी नुकतंच व्हार्निश दिलेली ओली मोटार उन्हात ठेवावी. इथंच थांबायला हवं होतं. पण माणूस जुना राग काढायला बसला की त्याला भान राहत नाही. नानासो पुढं बोलले.

"आन् खरं सांगू? ही अपघाताची गाडी हाय. बाई मेलीय हिच्याखाली. पुण्याच्या माणसाला कळलं तर तो हातबी लावायचा न्हाई. पन्नास हजार, तेबी मी घेतो म्हणून."

ह्या वेळी 'व्हय' आलं नाही. कुणीतरी लांब श्वास सोडला, एवढंच. बनुबाई म्हणाल्या, "तुमी म्हंताय तर तसंच आसंल."

चौकातल्या बँकेतून काढून आणलेले पैसे देऊन त्यांनी गाडी बाहेर काढली. बाटलीतून आणलेलं पेट्रोल ओतलं, किक मारली. पहिल्याच किकला ती बोलली. तोच जाड, संथ ठोका. हायवेवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती, मळीचा आंबूस वास सुटला होता, आणि साठी ओलांडलेले नानासो बावीस वर्षांच्या पोरासारखे ताठ बसून निघाले. केरब्या, फिटली तुझी उधारी, ते मोठ्यानं म्हणालेसुद्धा.

कराड मागं पडलं तसा इंजिनाचा ठोका बदलला. आधी वाटलं, शेजारच्या ट्रकचा आवाज मिसळतोय. ट्रक गेला तरी तसंच. ठोका पातळ झाला होता, घाईचा. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाचा कान होता तो, फसणारा नव्हता. ते दुसऱ्याच इंजिनावर बसले होते.

घरी पोचल्यावर त्यांनी हातपायही धुतले नाहीत. पडवीतल्या दिव्याखाली गाडी उभी केली आणि नंबरावरची धूळ पुसली. तीन-शून्य-आठ-दोन. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. मग टाकीखाली हात घातला. दुपारी जिथं नुसतं बोट फिरवलं होतं तिथं आता वेल्डिंगची ओबडधोबड गाठ लागली. जुनी, गंज चढलेली. कालपरवा मारलेली नव्हे.

"काय झालं, मामा?" सून सोनम दारात येऊन म्हणाली. तिच्या खांद्यावर पाच महिन्यांची तान्ही नात होती. मुलगा नोकरीला चाकणला. बायको जाऊन सात वर्षं झालेली. घरात ही दोघंच आणि ती चिमणी.

"काय न्हाई," नानासो म्हणाले. "तू आत जा. आन् हिला हितं आणू नगंस."

ती रात्र त्यांनी कूस बदलत काढली. दोन खोटी खरी झाली होती. तिसरं काय बोललो होतो ते त्यांना स्वतःशीसुद्धा उच्चारवेना.

उजाडल्यावर त्यांनी गाडीवर पाण्याची नळी धरली. मागच्या चाकापाशी पाणी अडखळत होतं. वाकून पाहिलं तर हबाभोवती काळं काहीतरी गच्च गुंडाळलेलं होतं. पक्कडीनं ओढलं तसं ते सुटत आलं, हातभर, दोन हात. बाईचे केस होते. मध्येच सुकलेल्या अबोलीचा दोरा.

नानासोंनी नळी तशीच वाहती टाकली.

दहाला बँक उघडली तेव्हा ते दारात होते. दीड लाख काढले, गाडीवर बसले आणि सबंध वाट मागं न बघता उंब्रज गाठलं. बनुबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. त्यांना पाहून उठल्या नाहीत.

नानासोंनी नोटा सुपाशेजारी ठेवल्या. "वैनी, मी खोटं बोललो. सगळं खोटं. गाडी अस्सल हुती. हे उरलेलं पैसं घ्या. न्हाईतर गाडी ठेवून घ्या, पर मला मोकळं करा."

बनुबाईंनी एक खडा वेचून बाजूला टाकला.

"मला ठावं हुतं," त्या म्हणाल्या. "मालकांनी सांगितलं हुतं. म्हणलं, नाना खोटं बोलंल. बोलू दे. तो बोलंल तसं हू दे."

"जायच्या आधी सांगितलं व्हय केरबानं?"

"न्हाई वं. परवा रातीला."

अंगणात ऊन लख्ख होतं. व्हार्निशचा वास शोधत नानासोंनी नकळत श्वास ओढला. आज शेडमधून कसलाच वास येत नव्हता. दार सताड उघडं होतं आणि आतली भिंत नुसती भिंत होती.

"वैनी… त्यो हाय का आत?"

"न्हाई." बनुबाईंचा आवाज दगडासारखा होता. "चार म्हैने बसून हुतं तिथं. तुमी मातीला आला न्हाई, म्हणून तुमची वाट बघत. काल तुमी गाडी काढली तवा मागं बसून गेल्यात. मला वाटलं, तुमास्नी कळलं आसंल."

नानासो खाली बसले. कुणाचं वजन मागं जाणवलं होतं का, ते आठवू लागले. काही आठवेना. जाणवलं होतं ते फक्त जिंकल्याचं सुख.

खिशातला फोन वाजला. सोनम होती.

"मामा, कवा येताय? एक पाहुणं आल्यात. तुमच्याच वयाचं. मी आपलं आत घेतलं."

"नाव काय म्हणालं?"

"नाव न्हाई सांगितलं. चहाबी नगं म्हंत्यात. घरभर हिंडून समदं बघाय लागल्यात." ती जरा हसली, पण हसू अर्ध्यात अडलं. "भिंतीवर टिचक्या मारून म्हणलं, ही पोकळ हाय. आन् मामा, खरंच पोपडा सुटून ढासळली वं. आपल्या देवघराची भिंत…"

"सोनम, ऐक. पोरीला उचल. आत्ताच्या आत्ता बाहीर पड."

"ती पाळण्यात निजलीय. पाहुणंबी तिथंच…" तिचा आवाज खाली गेला. "फिराय लागल्यात पाळण्याभोवती. दोनदा झालं. आता काय करत्यात… बोट फिरवाय लागल्यात तिच्या छातीवरनं."

"बोलू देऊ नगंस त्याला! सोनम, तोंड दाब त्याचं!"

पलीकडं पाळण्याची कडी एकदा करकरली. मग कुणीतरी फोनच्या अगदी जवळ येऊन, किंमत सांगायच्या आधी माणूस खाकरतो ना, तसं खाकरलं.