सम्राटाचा वाटा

म्हाताऱ्या बापाला कोणी सांभाळायचं यावरून इतर घरांत भांडणं होतात. उदयसिंहांचे दोन्ही मुलगे सुशिक्षित होते, म्हणून त्यांनी बोर्ड गेम काढला.

काढला थोरल्या सत्यजीतनं. पुण्याहून येताना तो बाबांची औषधं विसरला, खेळाची पेटी मात्र आठवणीनं आणली. "चिठ्ठ्या टाकणं म्हणजे निव्वळ नशीब. यात स्ट्रॅटेजी आहे. हरेल त्यानं बाबांना ठेवून घ्यायचं." निनादला हे लगेच पटलं, यातच त्या घराचं काय ते आलं.

रविवारची दुपार होती. नवीन पनवेलला निनादच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात सतरंजीवर प्राचीन इराण पसरला. दोघे दोन प्रांतांचे सुभेदार. कालवे खणायचे, गहू पिकवायचा, घोडे पाळायचे, माणसं राबवायची, चांदी साठवायची आणि पाळी आली की मधोमध बसलेल्या सम्राटाला त्यातला वाटा द्यायचा. ज्याला देता येणार नाही, तो हरला. आतल्या खोलीत बाबा खोकत होते. खुब्याचं हाड मोडल्यापासून ते पडूनच होते.

पेटीत सम्राटाची सोंगटी सापडेना. पूजेला गणपतीची मूर्ती नसली की आपण काय करतो? निनादनं तेच केलं. पटावर मूठभर तांदूळ ओतले, वर सुपारी ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि गुरुजींच्या आवाजात म्हणाला, "यावं महाराज. बसावं."

"बसवलंत तर नंतर अक्षता टाकून नीट हलवा," स्वयंपाकघरातून सई म्हणाली. सई निनादची बायको. बाबांचं सगळं तीच करायची, त्यामुळे तिला खेळायला बोलावलं नव्हतं. "निरोप दिल्याशिवाय तसंच ठेवत नाहीत कुणाला."

"इराणचा आहे गं तो," सत्यजीत म्हणाला. "त्याला कुठलं आपलं शास्त्र कळतंय!"

निनादनं पहिला वाटा दिला. निळा ठोकळा, पाणी. स्वयंपाकघरातला नळ खाकरला आणि कोरडा पडला. पनवेलमध्ये यात गूढ काही नसतं. कुणी मान वळवून पाहिलंही नाही.

सत्यजीतनं घोडा दिला. थोड्या वेळानं खालून वॉचमन काशीरामचा फोन आला. "सायेब, तुमच्या भावाची गाडी कोन घेऊन गेला? मी हितंच बसलोय. गेट उघडलाच नाय."

सत्यजीत खिडकीत गेला. खाली पावसानं ओल्या आवारात गाडीच्या जागी गाडीएवढी कोरडी, स्वच्छ फरशी होती. तो परत येऊन बसला आणि म्हणाला, "टो केली असेल." सोसायटीच्या आतून.

निनादनं गहू दिला.

"निनाद, पिठाचा डबा कुणी रिकामा केला रे?" सईचा आवाज. "सकाळीच दळण आणलंय!"

आता दोघेही पटाकडे बघत होते. थांबता आलं असतं. पण थांबायचं म्हणजे हरायचं, आणि हरायचं म्हणजे बाबा.

सत्यजीतनं चांदी पुढे सरकवली. त्याच्या बोटातली अंगठी निनादच्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली. बोटावर पांढरा वळ तेवढा राहिला.

निनादकडे आता एकच सोंगटी उरली होती. माणूस.

बाबा खोकले. दोन्ही भावांनी आतल्या खोलीकडे पाहिलं, मग एकमेकांकडे, मग कुठंच नाही.

सई अक्षतांची वाटी घेऊन बाहेर आली आणि सुपारीपाशी वाकली. निनादनं तिचं मनगट धरलं.

"डाव संपू दे."

"तुमच्या दोघांची तोंडं दिसतायत मला," ती हळू आवाजात म्हणाली. "अरे, वडील आहेत ते तुमचे."

"आमटी उतू जाईल, सई."

तिनं मनगट सोडवून घेतलं आणि ती आत गेली. सत्यजीतनं 'नको' म्हणण्यासाठी तोंड उघडलं असावं. त्यानं जांभई दिली.

निनादनं माणूस सुपारीपुढे ठेवला.

खोकला थांबला.

दोघे वाट बघत बसले. कशाची, ते बोलायची गरज नव्हती. अशा वेळी ऑफिसात किती रजा मिळते, हे निनादला आठवेना.

मग आतून बाबा खणखणीत आवाजात म्हणाले, "सई, पाणी दे गं."

स्वयंपाकघरातून कुणी ओ दिली नाही.

"सई?" निनादनं हाक मारली. बसल्या जागेवरून त्याला ओटा दिसत होता. आमटी उतू जाऊन गॅस विझला होता. ओट्यापाशी कुणी नव्हतं. बाहेरच्या दाराला आतून कडी होती.

बाबांच्या खोलीत भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज झाला. बाबा घटाघटा प्यायले.

"तुम्ही कशाला उठलात?" ते कुणाला तरी अदबीनं म्हणत होते. "आमची सई कुठाय?"

निनाद आणि सत्यजीत, दोघेही सतरंजीवरच बसले होते. पटावरच्या तांदळांवर सुपारी नव्हती.