थरथरणारा कातळवीर

कंपमापकाच्या पडद्यावरची रेष सरळ असायला हवी होती. ती सेकंदाला पाच वेळा वर-खाली होत होती, आणि डॉ. इरावती नाबर गेले अकरा दिवस तिच्याकडे डोळे वटारून पाहत होत्या. डोळे वटारल्याने पोरं सरळ होत नाहीत, तिथे रेषा काय होणार!

कारखान्याच्या दुकानातच एका कोपऱ्यात इरावतीचं तपासणीचं टेबल होतं; तिथल्या कंपमापकाच्या उबदार चिमट्यात उभा होता कातळवीर. वीतभर उंची, जांभ्या दगडाच्या रंगाचं अंग, मुठी आवळलेल्या. सावंतवाडीच्या वज्रखेळ कारखान्याचा हा सगळ्यांत जास्त खपणारा महानायक. चित्रकथांमध्ये तो कोसळणारे डोंगर खांद्यावर तोलायचा. इथे मात्र जरा ऊब लागली की त्याचा उजवा हात लटलट कापायला लागे. पालकांची पत्रं येऊन पडली होती. "मुलीला धीट व्हायला घेऊन दिला, तर हाच भित्रा निघाला," असं एका गृहस्थांनी लिहिलं होतं.

त्या सकाळी डॉ. हेरंब केणी आला तो पुतण्याच्या वाढदिवसाची भेट निवडायला. हेरंब गोव्यात मेंदूविकारतज्ज्ञ होता आणि इरावतीचा शाळेपासूनचा मित्र. महानायकांची रांग पाहून तो गोंधळला.

"यातला चांगला कोणता?"

"आधी सांग, खेळायला, मांडायला की द्यायला?" इरावतीने विचारलं. वज्रखेळच्या दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला हाच पहिला प्रश्न विचारत. अर्जावर तशा तीन चौकटीच होत्या.

"त्याने काय फरक पडतो? बाहुलं ते बाहुलं."

"इथेच तर सगळे चुकतात. हे साधं प्लास्टिक नाही, वळणद्रव्य आहे." इरावतीने एक कोरा बाहुला त्याच्या हातात दिला. "याला धरणाऱ्या हाताची ऊब हेच याचं इंधन. आणि ज्या हालचाली तो हात पुन्हा पुन्हा करतो, त्यांचं याला वळण पडतं. वळणात असलेली हालचाल हा आपण होऊन करायला लागतो. वळणात नसलेली कुणी करू गेलं, तर अडवतो."

"आपल्यासारखंच की. घडी पडली की पडली."

"पडते, पण मोडताही येते. महिनोन्‌महिने दुसरं वळण लावावं लागतं. म्हणून खेळायला घेतलास, तर तो पोराच्या हाताने घडत जातो. मांडायला घेतलास, तर आम्ही भट्टीत घालून कायमचा घट्ट करून देतो. मग कपाटात वीस वर्षं ठेव, शिकणार काही नाही. आणि द्यायला घेतलास, तर देणाऱ्याने एक तास हातात धरून बसायचं. तुझा हात त्याच्यात जातो, तोच पुतण्याला पोचतो."

"एक तास? नुसतं बसून?" हेरंबला हसू आलं. "माझ्या आईलाही मी सलग एक तास दिलेला नाही गं." हे तो गमतीने म्हणाला खरा, पण म्हणून झाल्यावर त्याने हातातला बाहुला हलकेच खाली ठेवला. मग त्याची नजर पडद्याकडे गेली.

"हा कोणाचा आलेख?"

"कातळवीराचा. जानेवारीपासूनच्या दोनशे बारा कातळवीरांचा हाच रोग आहे. द्रव्य तपासलं, साचे तपासले, रेल्वेच्या हादऱ्यांपर्यंत जाऊन आले. काही सापडत नाही."

हेरंब पडद्याजवळ गेला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "इरावती, हा बाहुल्याचा आलेख नाही. हा माणसाचा आहे. यांना पहिलं कोण धरतं?"

 उत्तर एकच होतं, आणि ते इरावतीला नको होतं.

नव्या बाहुल्याला पहिलं वळण माणसाच्याच हाताने द्यावं लागे. यंत्राने देऊन पाहिलं होतं. ते बाहुले मुलं दोन दिवसांत माळ्यावर टाकत. म्हणून साच्यातून निघाल्यावरच्या कोवळ्या तासात प्रत्येक बाहुला वळणघरात एखाद्या कारागिराच्या हाती जायचा. कातळवीर जायचा गुणाजी चितारींकडे. गुणाजीकाकांनी जन्मभर लाकडी खेळणी रंगवली होती. बाहुल्याला तासभर मांडीवर घेऊन बसायचं आणि मग शेवटी त्याचे डोळे रंगवायचे, ही पद्धत त्यांचीच. डोळे शेवटी, कारण डोळे आले की तो आपला राहत नाही, असं ते सांगत.

दोघं वळणघरात गेले तेव्हा काका डाव्या तळहातावर कातळवीर घेऊन, उजव्या हाताने त्याचा हात धरून, रेडिओ ऐकत स्वस्थ बसले होते. उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर हळूहळू फिरत होता, तंबाखू मळल्यासारखा.

"काका तंबाखू खातात?" हेरंबने हळूच विचारलं.

"सहा वर्षांपूर्वी सोडली. पण हाताची खोड जात नाही. आम्ही चिडवतो त्यांना, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणून."

बोलता बोलता इरावतीच्या लक्षात आलं. हाताची ही खोड तर या जानेवारीपासूनच दिसत होती; सहा वर्षांपूर्वी सोडलेल्या तंबाखूची खोड आत्ता कशी सुरू होईल? सगळं वळणघर काकांच्या हातावरून विनोद करत होतं, आणि त्या हाताकडे नीट पाहिलं नव्हतं कोणीच. तिला स्वतःची लाज वाटली.

हेरंबने काकांना चार पावलं चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, मग समोर बसून सांगितलं. कंपवाताची ही सुरुवात होती.

"माजो हात कापता?" काकांनी हात वर धरून पाहिला. तो कापत नव्हता. "मग डोळे कशे सरळ येतत माजे?"

"या दुखण्यात हात आधी स्वस्थ बसलेला असताना कापतो. कामाला लागला की थांबतो. म्हणून रंगवताना दिसलं नाही. बाहुला धरून तुम्ही स्वस्थ बसता, तेव्हा तो तुमच्याकडून थरथर शिकला."

काकांनी हातातल्या कातळवीराकडे पाहिलं. "बावल्यान माका पकडून दिल्यान," ते म्हणाले, आणि हसायचा प्रयत्न केला. मग डोळे रेखता येतील ना, एवढंच विचारलं, "औषधान डोळे काढूक गावतीत मा?"

त्यांना बाकी कशाची भीती नव्हती. घर होतं, निवृत्तिवेतन होतं. पण डोळे रंगवायचे थांबले, तर गुणाजी चितारी म्हणून काय उरणार, हे त्यांना कळत नव्हतं. हेरंबने खोटा धीर दिला नाही. औषधाने काही वर्षं निभावेल, पुढे रंगवतानाही हात कापू शकेल, असं त्याने सांगितलं.

संचालक मंडळाने निर्णय झटपट घेतला. दोनशे बारा घरी पत्रं गेली. सदोष कातळवीर बदलून घ्या, किंवा विनामूल्य भट्टीत घट्ट करून घ्या, म्हणजे मांडायला होईल. पत्रावर सही इरावतीची होती. शास्त्र म्हणून त्यात चूक नव्हती. परत आलेले बाहुले तिने स्वतःच्या देखरेखीखाली वितळवले, आणि दर वेळी वळणघराच्या दाराकडे पाठ करून उभी राहिली.

घट्ट करून कोणालाच नको होता; बदलायला दोनशे अकरा परत आले. एक आला नाही.

काकांकडून पहिलं वळण देण्याचं काम गेलं; डोळे रंगवणं राहिलं. दहा महिने ते निभावलं. मग वीजकन्या नावाच्या एका बाहुलीचं उजवं बुबुळ नाकाकडे सरकलं. इरावतीने ती गुपचूप बाजूला ठेवली होती, पण काकांनी शोधून काढलीच. त्यांनी कुंचला धुतला, पुसला आणि डब्यात ठेवला. त्यानंतरही ते रोज यायचे आणि दुकानातल्या स्टुलावर बसायचे. कुणी गिऱ्हाईक गोंधळलं, तर खेळायला कोणता, मांडायला कोणता, ते सांगायचे. हात मांडीखाली दाबून ठेवायचे.

दोन महिन्यांनी, शाळांना सुट्टी लागल्यावर, नऊ वर्षांची एक मुलगी आईचा हात ओढत दुकानात आली. तिचं नाव शाल्मली. रंग उडालेला एक कातळवीर तिने इरावतीसमोर आपटलाच जवळजवळ.

"हा बिघडलाय. दुरुस्त करून द्या."

"काय झालं याला?"

"हा आता कापतच नाही!"

आई ओशाळली. "अहो, तुमचं पत्र आलं होतं. पण ही ऐकेना. बदलून आणायचं नाव काढलं की रडून गोंधळ. म्हणे, तो घाबरतो, त्याला नवीन घरी पाठवायचं नाही."

"तो घाबरायचा, मग मी त्याची मूठ घट्ट धरायचे," शाल्मली म्हणाली. "रिक्षात, अभ्यास करताना, सगळीकडे. कापायला लागला की लगेच धरायचं. मग हळूहळू थांबायचा. आता कापतच नाही. आता मी काय करू त्याचं?"

इरावतीने कातळवीर चिमट्यात ठेवला. पडद्यावर रेष उमटली, पट्टीने आखल्यासारखी सरळ. वळण मोडलं होतं, एवढं तिला कळलं. पण बाहुला नुसता स्थिर झाला आहे, की आणखी काही शिकला आहे? तिने चिमट्यालाच सेकंदाला पाचचा कंप दिला. चिमटा थरथरला. कातळवीराने त्याला अडवलं, आवळलं, आणि दोन-तीन सेकंदांत चिमट्याची थरथर जवळजवळ बसली. इरावती खुर्चीत मागे टेकली. साधा स्थिर बाहुला हे करू शकला नसता. त्यासाठी आधी थरथर ठाऊक असावी लागते, आणि मग ती उठेल तेव्हा तेव्हा कुणीतरी वर्षभर न कंटाळता थांबवावी लागते. थरथर ठाऊक असलेले दोनशे बारा बाहुले जगात होते. दोनशे अकरा तिने वितळवले होते.

ती काही बोलणार, तोवर शाल्मली कातळवीर घेऊन स्टुलाकडे गेली होती. "आजोबा, तुम्ही दुरुस्त करता का? याला परत कापायला शिकवा ना."

काकांचा चेहरा क्षणभर कसनुसा झाला. ते काम त्यांच्याइतकं कुणालाच जमलं नसतं. "शिकवतंय हां, बाय. हाड हंय," म्हणत त्यांनी बाहुला मागायला मांडीखालचा हात पुढे केला. हात जोरात हलत होता. शाल्मली त्याकडे पाहत राहिली, आणि तिने बाहुला त्यांच्या मुठीत दिला.

ऊब लागायला थोडा वेळ गेला. कातळवीराने काकांचा अंगठा आवळला. हात हलला, अडला, पुन्हा हलला, आणि थांबला.

 काका आपल्या हाताकडे असे बघत होते, जणू फार दिवसांनी घरचं माणूस दारात दिसलं.

"हो माजोच हात," बाहुल्याची मूठ न्याहाळत ते म्हणाले. "पण हेका कोणीतरी वळण लावल्यान."

"तो तुम्हाला धरतोय," शाल्मली हळूच म्हणाली. "मी त्याला धरायचे ना, तसंच."

इरावती धावत वळणघरात गेली. परत आली ती काकांचा डबा आणि डोळे नसलेला एक नवा कातळवीर घेऊन.  काकांनी कुंचला जुन्या कातळवीराच्या आवळलेल्या मुठीत खोवला आणि बाहुल्याला कमरेला धरून टोक काळ्या रंगात बुडवलं. श्वास रोखून त्यांनी पहिल्या डोळ्याची वरची रेघ ओढली. मग खालची. मग बुबुळ. रंग थेंबभरही कुठे सरकला नाही. काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि दोन्ही हात गुंतल्यामुळे ते पुसता येत नव्हतं. शेवटी शाल्मलीच्या आईनेच पदर पुढे केला.

दोन्ही डोळे झाल्यावर काकांनी जुना कातळवीर रुमालाने पुसला आणि शाल्मलीपुढे धरला. त्यांचा हात लगेच हलायला लागला. "घे बाय, तुजो हा. एकदा डोळे काढूक गावले, खूप झाला."

शाल्मलीने बाहुला घेतला. छातीशी धरला. ती दाराकडे गेली, तिथे थांबली, आणि तिचा ओठ बाहेर आला. सगळे तिच्याकडे बघत होते. कोणी काही मागितलं नाही. इरावतीला मागायचं होतं. पण दोनशे अकरा बाहुले वितळवल्यावर दोनशे बारावा एका मुलीकडून मागायचं तोंड तिला नव्हतं.

शाल्मली परत आली, ती स्टुलाकडे नाही, गल्ल्याकडे. टाचा उंचावून तिने अर्जाचा कागद खाली ओढला आणि पेन मागितलं. तीन चौकटी तिने बोट ठेवून वाचल्या. 'खेळायला' वर ती बराच वेळ थांबली. मग तिसऱ्या चौकटीत तिने खूण केली.

"द्यायला असेल, तर एक तास हातात धरून बसावं लागतं," तिची आई म्हणाली. 

"मी चारशे दिवस धरलाय," शाल्मली म्हणाली, आणि जाऊन तिने कातळवीर काकांच्या हलत्या मुठीत ठेवला.