न पालटलेला चेहरा

संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत ‘वीणावादिनी’ पडद्यावर उमटली आणि डॉ. नलिनी रेगे यांनी चष्मा काढून पुन्हा पुसला. शंभर वर्षांपूर्वीचं ते तैलचित्र त्यांच्या शैलीपालट यंत्रानं चंदा वाघधरेच्या शैलीत उतरवलं होतं. चंदाची चित्रं मुलांच्या पुस्तकांतून घरोघरी पोचलेली. हंस गुबगुबीत झाला होता, कमळं वेडीवाकडी, लुगडं ठिगळाठिगळांचं. चेहरा आणि हात मात्र जसेच्या तसे.

रेगेबाईंनी हळबेंकडे पाहिलं. गेल्या वर्षी चित्र साफ केलं ते संग्रहालयाच्या या चित्रदुरुस्तीकारानंच.

“यंत्र चित्र बघत नाही, हात बघतं,” त्या म्हणाल्या. “रेषा कुठे दाबते, कुठे घाई करते, ती प्रत्येकाची हस्तलय. दोन हातांतला फरक तेवढा ते पालटतं. फरकच नसेल तर शिवत नाही.”

“म्हणजे साफ करताना चेहरा पुसला गेला आणि मी चंदाबाईंचं पुस्तक बघून तो रंगवला. सरळ बोला ना. नोकरी माझी जाणार आहे.”

रेगेबाईंना संशय प्रिय, पण पुराव्यासकट. हळबेंनी कधी हातही न लावलेली ‘वीणावादिनी’च्याच चित्रकाराची तीन चित्रं दुसऱ्या शहरातून आणवून त्यांनी यंत्राला त्याचा हात शिकवला. मग उलट केलं: चंदाच्या पुस्तकातल्या मुली त्या जुन्या चित्रकाराच्या शैलीत. फ्रॉकांचे शालू झाले. चेहरे आणि हात हलले नाहीत.

म्हणजे चेहरा मूळ चित्रकाराचाच; हळबे सुटले. नकलेचा संशय आता चंदाकडे वळला; तिला प्रयोगशाळेत बोलावलं. हे चित्र आपण महिन्यापूर्वी पहिल्यांदा पाहिलं, असं ती शपथेवर सांगत होती.

“पाहिल्याशिवाय हात जुळत नाही,” रेगेबाई म्हणाल्या.

चंदानं पडद्यावरच्या ‘वीणावादिनी’चा पालटलेला भाग काळा करायला सांगितला. चेहरा आणि दोन हात उरले. ती खुर्चीत बसली.

“ही आमच्या आत्याच्या देव्हाऱ्यातली. याच चित्राची छापील तसबीर होती. आत्यानं तिला खऱ्या कापडाचं लुगडं शिवलेलं, वर टिकल्या, जर. सगळं झाकलेलं, तोंड आणि हात तेवढे उघडे. मी पाटीवर तेच गिरवत बसायचे.”

रेगेबाईंना हा पुरावा पुरला.

“मग माझं असं काय राहिलं हो?” चंदानं हळबेंना विचारलं.

“यंत्रानं पालटलं ते सगळं,” हळबे म्हणाले. “आत्याबाईंच्या टाक्यांखाली काय आहे, ते तुम्ही मनानंच काढलंत.”